शिडाला पोट हवं

आमच्या मावशीबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षा आहे. ती समोर बघतच नाही. मान वर, डोळे वर, पाय आपले आपोआप चाललेले. समोरून सायकल येवो नाहीतर नगराध्यक्ष, मावशीचं सगळं लक्ष डोक्यावर टांगलेल्या कापडाकडे. मध्येच थांबणार, "बघ, बघ, त्या कोपऱ्यात झोळ पडलाय," म्हणणार, आणि ओळख ना पाळख अशा माणसाच्या दुकानात शिरून, त्याच्याच छताचा दोर कसा ओढायचा ते त्याला शिकवून येणार. कुठे जाळं दिसलं की काही बायकांचं डोकं फिरतं, तसं कापडाला झोळ दिसला की मावशीचं फिरतं. तोवर मी उन्हात उभी.

तिचा धंदाच तो आहे. आमचं शहर समुद्रकाठचं, आणि ऊन असं की दुपारी पांढऱ्या भिंतींकडे बघवत नाही. म्हणून जुन्या भागातल्या गल्ल्यांवर या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत कापडी छतं ताणलेली असतात. सकाळी दोर ओढून ती उघडायची, सूर्य कलला की गुंडाळायची. ही छतं मावशी शिवते. निम्मं शहर तिच्या सावलीत चालतं. मी वाढवून सांगते असं कुणाला वाटत असेल, तर त्याने भर दुपारी एकदा डोकं उघडं ठेवून धक्क्यापर्यंत जाऊन यावं, मग बोलू. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "छतांनाच वेळ पुरत नाही, नवऱ्याला कुठून देऊ?"

तळमजल्यावरची लांबच लांब खोली हे तिचं काम करायचं ठिकाण. पिढ्यान्‌पिढ्या जाड कापड ओढून ओढून तिथली फरशी इतकी गुळगुळीत झालीय की पाहुण्यांना आधीच सांगावं लागतं, जपून. मावशी जमिनीवर एक पाय दुमडून बसते. तळहाताला चामड्याचा पट्टा, त्याच्या जोरावर दाभण कापडात घुसवायचा. शेजारी मेणाचा गोळा, त्यावरून दोरा सर्रकन ओढायचा. तिची शिवण अशी सरळ की शाळेतल्या पोरांनी त्यावरून रेघा मारायला शिकावं. शेवटी ती कापडात अर्ध्या चंद्रासारख्या फटी कापते, वाऱ्याला वाट म्हणून. वाट दिली नाही तर वारा छत घेऊन जातो, आणि सोबत गच्चीचा कठडाही.

पण ती खोली मुळात छतांची नाही, शिडांची आहे. आबा, म्हणजे माझे आजोबा, मावशीचे वडील, शिडं शिवायचे. त्यांचे वडील आणि आजोबाही तेच करायचे. त्या काळी बंदरात डोलकाठ्यांची इतकी गर्दी असायची म्हणे, की धक्क्यावरून पलीकडचा किनारा दिसायचा नाही. लाकूड यायचं, मीठ यायचं, कौलं यायची, आणि त्यांच्याबरोबर कुठकुठले खलाशी यायचे. त्यातले काही इथेच रमले, इथल्याच मुलींशी लग्न करून बसले. म्हणून तर माझ्या शाळेच्या वर्गात कुणाचं नाक कुणासारखं नव्हतं. आमच्या बोलण्यात, गाण्यात, खिडक्यांच्या रंगात, सगळीकडे कुठला ना कुठला किनारा येऊन राहिलेला आहे. या शहराचा इतिहास मला विचाराल तर हा असा आहे, वाऱ्याने आला आणि उन्हात वाळला.

मग बोटींना इंजिनं आली आणि शिडांचं काम आटलं. आबांनी शेवटचं शीड शिवून दिलं आणि दाभण फेकून म्हणाले, "यापुढे या घरातून शीड बाहेर पडणार नाही." मावशी तेव्हा नुकती कुठे शिवायला शिकत होती. तिच्या वाट्याला छतं आली. आयुष्यभर तिने वारा सोडून देणारं कापड शिवलं, पण मनात होतं वारा धरणारं. मला एकदा ती स्पष्टच म्हणाली, "मला एकदाच, माझ्या हातचं कापड वाऱ्याने भरलेलं बघायचंय. आणि तेही आबा असताना." आबांचे डोळे केव्हाच गेलेत. आणि वय असं की साधी सर्दी झाली तरी आम्ही रात्रभर जागतो.

आता माझं सांगते. मी जुन्या जकातघरातल्या संग्रहालयात तिकीटखिडकीवर बसते. आमच्याकडे एक खरंखुरं मालवाहू गलबत आहे, एका डोलकाठीचं. सुतार त्याच्यावर कित्येक वर्षं ठोकाठोकी करत होते. बंदराचा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा आमच्या संचालकांच्या डोक्यात आलं, गलबत पाण्यात न्यायचं, आणि तेही शिडावर! संचालक म्हणजे भला माणूस. आनंद झाला की कोटाची एकच बाही घालतात आणि तसेच फिरतात. त्या दिवशी खिडकीशी येऊन म्हणाले, "पण शीड शिवणार कोण? असं माणूस राहिलंय का कुठे?"

"माझी मावशी..." एवढंच मी म्हणाले. वाक्य पुरं व्हायच्या आत साहेब टोपी विसरून उन्हात पळाले होते.

मावशीने ऐकलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि मला खांद्याला धरून त्या गुळगुळीत फरशीवर गरकन फिरवलं. दोघी आपटलो. तिथे बसल्या बसल्याच ती हळूच म्हणाली, "आबांना सांगायचं नाही हं. भरलेल्या शिडाचा दोरच त्यांच्या हातात द्यायचा."

मग काय, अळीमिळी गुपचिळी! मावशी संग्रहालयाच्या शेडमध्ये बसून शिवू लागली. आबांना सांगितलं, मोठ्या चौकाचं छत आहे. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन जायची, तर बाई गाणं म्हणत असायची. गलबत चालवणारा तांडेल, मोठ्या पोटाचा, कमी बोलणारा गृहस्थ, रोज येऊन कापड चिमटीत धरून बघायचा आणि मान डोलावून जायचा. एकदाच तो म्हणाला, "वाऱ्याने ओढलं पाहिजे हं, मावशी. नाहीतर इंजिन आहेच."

"तसं झालं तर इंजिनावर जाऊ," संचालक जरा पडलेल्या आवाजात म्हणाले, "शीड नुसतं शोभेला वर ठेवू."

"शोभेचं शीड?" मावशीने असं विचारलं, जणू तिला कुणी शिवीच दिली असावी. साहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

चाचणीच्या दिवशी बंदरात ही गर्दी! कुणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या शहरात फुकटचं काही बघायला मिळत असेल तर लोकांना वासच येतो. खलाशांनी दोर ओढले, शीड वर गेलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! पांढरंशुभ्र, तीन कोनांत ताणलेलं, एक सुरकुती नाही. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. एक सुरकुती नाही, म्हणजे झोळही नाही. इस्त्री केलेल्या चादरीसारखं ते सपाट शीड वाऱ्यात थडथड थडथड करत राहिलं. गलबत पुढे जाईना. ते आपलं आडवं आडवं सरकत मासळीच्या धक्क्याला जाऊन टेकलं, आणि तिथल्या एका मासेवालीच्या दोन टोपल्या पाण्यात गेल्या.

लोक हसले. गर्दीतून एक जण ओरडला, "मावशी, सावली मात्र झकास पडलीय हो!"

मी त्याच्या सात पिढ्यांचा तिथल्या तिथे उद्धार केला. मावशीने चामड्याचा पट्टा काढून कमरेला खोचला आणि शीड उतरवायला लागली. तिचा चेहरा बघून मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी संचालकांवरच ओरडले. ते बिचारे टोपल्या काढायला पाण्यात उतरले होते.

चूक काय झाली ते मावशीला लगेच कळलं होतं. शिडाला पोट लागतं. वारा पोटात साठतो, तेव्हा ते ओढतं. पण जन्मभर झोळाशी भांडलेले हात ते. कापड जरा सैल पडलं की बोटं आपसूक ताणणार. आणि पोट किती, नेमकं कुठे, कसं आणायचं? हे सांगू शकणारा शहरात एकच माणूस होता आणि तो आमच्याच घरात खुर्चीवर बसलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण त्याला विचारायचं म्हणजे गंमत तर गेलीच, वर त्याच्या मुलीचं हसं झालं हेही त्याला सांगायचं. मावशी वाटभर म्हणत होती, "नाही गं, माझ्याने नाही होणार."

तिला काही सांगावं लागलंच नाही. घरी गेलो तर आबा दारात उभे, अर्ध्या गालाला साबण तसाच. सलूनवाले काका त्यांची दाढी करायला येतात, आणि काकांचं तोंड वस्तऱ्यापेक्षा जोरात चालतं. सगळी हकिगत टोपल्यांसकट सांगून झाली होती. आबा मध्येच उठले होते, आणि काका मागे हातात वस्तरा घेऊन "अहो, निदान दुसरा गाल तरी..." करत होते.

"माझ्या घरातलं शीड फडफडलं?" आबा गरजले. "बंदरात? लोकांसमोर?"

"तुम्हीच म्हणाला होतात," मावशी म्हणाली, "या घरातून शीड बाहेर पडणार नाही म्हणून. मग तुम्हाला कसं विचारायचं?"

"म्हणालो होतो. रागाने म्हणालो होतो! माणूस रागाने बोलतो ते काय जन्मभर पाळायचं?" मग आवाज उतरला. "अगं, इतकी वर्षं वाट बघतोय, एकदा तरी विचारशील म्हणून. तू आपली छतंच शिवतेस. मला वाटलं, तुला शिडं नकोच आहेत."

मावशी उंबऱ्यातच बसली. दोघंही एकाच घरात, एकाच ताटात जेवणारे, आणि एकमेकांना न विचारता इतकी वर्षं काढलेली! मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं. पण आबांनी उसंतच दिली नाही. "आणा ते इकडे!" ते म्हणाले. "आत्ता!"

हातगाडीवरून शीड आलं. आबा फरशीवर बसले आणि एका शिवणीवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेले. "सुरेख," ते म्हणाले. "एकदम सरळ. पोरी, हे शीड नाही, ही चादर आहे." मावशी एकाच वेळी हसली आणि रडली. मग आबांनी तिचा हात धरून कापडावर दाखवलं. छताला शिवणीची रुंदी सगळीकडे सारखी. शिडाला तसं नाही. दोन पट्टे जोडताना कडेला शिवण रुंद घ्यायची, मध्ये अरुंद. कडेला शिवणीत कापड जास्त जातं, मध्ये कमी, म्हणून मध्ये पोट सुटतं.

"पण किती रुंद, आबा?"

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बोटं हवेत तशीच राहिली. मला वाटलं, संपलं, विसरले. पण ते हसत होते. "ते मी कसं सांगू? ते पाणी सांगतं. बाहेर गल्लीत टांगा."

आणि मग त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी सगळ्या शिवणी उसवायला शेजारपाजार बसलं. सलूनवाले काका कात्री घेऊन आले, कारण एवढं सगळं आपल्यामुळे घडलं असं त्यांचं ठाम मत होतं. मावशी नव्याने शिवू लागली आणि आबा शेजारी बसून तिच्या गुडघ्यावर चापट्या मारू लागले, "सैल! सैल सोड! घाबरतेस काय कापडाला?" पन्नाशी उलटलेली माझी मावशी, जिला अख्खी गल्ली टरकून असते, ती "हो आबा, सोडते आबा" करत होती आणि तिचे डोळे चमकत होते.

शिवून झाल्यावर गल्लीतली छतं काढली. उन्हाने गल्ली एकदम भगभगली. छतांच्याच कड्यांना शीड तीन कोपऱ्यांनी आडवं टांगलं आणि घराघरांतून बादल्या आल्या. गच्चीवरून पाणी ओतायचं. पाणी जिथे साठेल तिथे शिडाचं पोट. ते बरोबर मध्ये असून चालत नाही, डोलकाठीच्या बाजूला सरकलेलं हवं, नाहीतर गलबत पुढे जायचं सोडून कलंडतं. आबा दोन्ही हात वर करून ओल्या कापडाखाली चालत होते, तळव्यांनी त्याचा सगळ्यात खोलगट भाग चाचपत. वरून ठिबकणारं पाणी तोंडावर घेत ओरडत होते, "मागे गेलंय! काढा! चौथी शिवण उसवा!"

ओतलेलं पाणी खाली पडलं आणि गल्लीच्या मधोमध असलेल्या दगडी पन्हळीतून तुरुतुरु वाहत समुद्राकडे निघालं. ते बघून संचालक साहेब किंचाळलेच. या शहरात पाऊस म्हणजे पाहुणा, तरी आमच्या एकाच गल्लीला पन्हळ का, हे कोडं सगळ्यांनाच होतं. मी खिडकीवर लोकांना सांगायची, घोड्यांना पाणी पाजायला. साहेबांना आत्ता उत्तर सापडलं. "शिडांसाठी!" ते म्हणाले आणि त्यांनी त्या ओल्या पन्हळीत मांडीच घातली. "अहो, ही पन्हळ शिडांसाठी आहे!" इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. कोटाच्या दोन्ही बाह्या ओल्या.

पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा बादल्या. पाणी भरून गल्लीतल्या बायका दमल्या, पण घरी कुणी जाईना. शेवटच्या खेपेला आबा कापडाखाली गेले, हात वर केले आणि थांबले. थोडं पुढे, थोडं मागे. सगळी गल्ली त्यांच्या हातांकडे बघत उभी.

"इथे," आबा म्हणाले. "आता कुणी हात लावू नका." आणि तेवढ्यात एका कोपऱ्याची गाठ सुटून सगळं पाणी त्यांच्याच अंगावर कोसळलं. आम्ही धावलो. आबा नखशिखांत भिजून हसत होते, आणि मावशी "सर्दी होईल, सर्दी होईल" करत त्यांना आपल्या पदराने पुसत होती.

सर्दी झाली नाही. रविवारी, वर्धापनदिनाला, धक्क्यावर बँड, खुर्च्या, नगराध्यक्ष, भाषणं, सगळं होतं. ठरलं होतं असं, की गलबत बंदराच्या तोंडापर्यंत इंजिनावर जाईल, मग शीड, मग दीपस्तंभाला वळसा घालून परत, आणि मग भाषणं. गलबतावर तांडेल, खलाशी, मावशी, मी आणि आबा. आबांना न्यायला नको असं चार जणांनी सुचवलं होतं. त्या चारही जणांशी मी बोलले होते.

बंदराच्या तोंडाशी तांडेलाने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मावशीने शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा दोर आबांच्या हातात दिला, त्यांच्या मागे उभी राहिली, आणि मला म्हणाली, "मला काही सुधरत नाहीये गं." मलाही सुधरत नव्हतं. खलाशांनी शीड वर चढवलं. ते थडथडलं. एकदा. दोनदा. मागे धक्क्यावर तोच सावलीवाला उभा असणार, मला माहीत होतं.

आणि मग धप्पकन ते भरलं! केवढं पोट! सगळं गलबत कण्हलं, कललं, आणि पाण्याला फेस आणत निघालं. मी ओरडत सुटले. काय ओरडत होते ते मलाच माहीत नाही. मागून धक्क्यावरून सगळं शहर ओरडत होतं. तांडेल, तो कमी बोलणारा माणूस, सुकाणूवर थापा मारत "आई गं, आई गं" म्हणत होता.

मावशीने शिडाकडे पाहिलंच नाही. जन्मभर वरच बघणारी बाई, ती खाली आबांकडे बघत होती. दोर आबांना ओढत होता, पार पुढे वाकवत होता. आबांनी पाय रोवले होते, मान तिरकी केली होती, जणू काही ऐकतायत.

"ओढतंय," आबा म्हणाले. मग मोठ्याने, "पोरी, ओढतंय गं! हात तुटेल इतकं ओढतंय!"

"सोडा आबा, खलाशी धरतील. हात सोलेल तुमचा."

"सोलू दे!"

त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी गालांवर उतरत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. मावशीने पुसलं नाही. तिने मागून दोन्ही हात घालून त्यांच्यासोबत तो दोर धरला.

दीपस्तंभ आला. तांडेलाने घसा खाकरला. "मावशी, इथून वळायचं ठरलंय. लोक थांबलेत. भाषणं आहेत."

"वळायचं असेल तर तुम्ही वळा," आबा म्हणाले. "मी दोर सोडत नाही."

तांडेलाने मावशीकडे पाहिलं. दिलेली वेळ मावशीने आयुष्यात कधी चुकवलेली नाही.

"अजून जरा पुढे जाऊ या," मावशी म्हणाली.